डायलिसिसच्या नळीचं इन्फेक्शन? आईला मशीनवर घेतलं की थंडी वाजून ताप येतोय

मांजराकाठ

नमस्कार मंडळी, धागा घाईत काढतोय, शुद्धलेखन बघू नका. आईचं वय ६३, शुगर जुनी. दिवाळीनंतर पाय सुजले म्हणून दाखवलं तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ९ च्या वर निघालं आणि त्याच रात्री मानेत उजव्या बाजूला नळी टाकून डायलिसिस सुरू केलं. तेव्हा म्हणले ही टेंपररी आहे, नंतर हातातली धमनी आणि शीर जोडायचं, फिस्टुलाचं ऑपरेशन करू. ते "नंतर" काही आलंच नाही, दोन महिने होत आले तीच नळी आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं.

मागच्या आठवड्यापासून काय होतंय, मशीनवर घेतल्यावर तासाभरात हुडहुडी भरते, दात वाजायला लागतात, दोन ब्लँकेटं टाकली तरी थांबंना, ताप १०२. टेक्निशियन एविल आणि हायड्रोकॉर्टची (ॲलर्जी दाबणारी) इंजेक्शनं मारतो, अर्ध्या तासात शांत होते, घरी येऊन भाकरी पण खाते. गावातल्या डॉक्टरनी व्हायरल म्हणून अझिथ्रो (अँटिबायोटिक गोळी) दिली. पण परत मशीनवर घेतलं की परत तेच. सेंटरवाले म्हणतात नळी खराब झाली, परमकॅथ (जास्त दिवस ठेवायची नळी) टाका, तीस पस्तीस हजार होतील. दाजी म्हणतात हे पैसे काढायचे धंदे आहेत, ताप उतरतोय ना मग कशाला. मला काय करावं कळंना. ज्यांच्या घरात डायलिसिस आहे त्यांनी सांगा.

फडताळ

व्हायरल असता तर बरोबर मशीनवर घेतल्यावरच का आला असता? मी डॉक्टर नाही पण ही गोष्ट पुढच्या डायलिसिसपर्यंत थांबवू नका. किडनीच्या डॉक्टरांना आजच फोन करा.

तिसरी_शिफ्ट

मांजराकाठ दादा, मी डायलिसिस टेक्निशियन आहे, आधी पुण्यात होतो आता कोल्हापूरकडे. एविल-हायड्रोकॉर्ट मी पण मारलेत, सगळेच मारतात, त्याने थरथर थांबते आणि डायलिसिस पूर्ण करता येतं. पण रक्तात जे चाललंय ते चालूच राहतं, उलट ताप झाकला गेल्यामुळे घरच्यांना वाटतं बरं झालं.

पहिला प्रश्न. त्या शिफ्टला शेजारच्या बेडवाल्यांना पण थंडी वाजते का? हे विचारायचं कारण असं की एका पेशंटच्या चार तासांत साधारण १२० लिटर पाणी मशीनमधून जातं. आरओ किंवा त्याची पाइपलाइन वेळेवर साफ केलेली नसली की पाण्यातले जंतूंचे विषारी अंश डायलायझरच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्याच्या, जाळीतून रक्तात येतात आणि मग एकाच दिवशी चार जण कुडकुडायला लागतात. डायलायझर धुऊन परत वापरतात तिथे धुण्यात चूक झाली तरी तसंच. पण एकट्या तुमच्या आईलाच होत असेल आणि दर वेळी होत असेल तर मग संशय नळीवरच घ्यायचा.

नळीच्या आत काय होतं ते सांगतो. माठ आठ दिवस घासला नाही की आतून बुळबुळीत होतो ना, तसा जंतूंचा थर नळीच्या आतल्या भिंतीला धरतो. एरवी तो गप्प बसलेला असतो. आम्ही मशीन लावून मिनिटाला दोनशे-अडीचशे मिली रक्त खेचायला लागलो की त्यातले जंतू सुटून थेट हृदयाच्या तोंडाशी जातात, कारण नळीचं टोक तिथेच असतं. म्हणून तासाभरात हुडहुडी. आणि अँटिबायोटिक रक्तात असलं तरी त्या थराच्या आत नीट पोचत नाही, म्हणून गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं आणि परत तेच.

दुसरं म्हणजे मानेतली साधी नळी दोन महिने ठेवायची नसतेच. आत्ताच्या गाइडलाइनप्रमाणे दोन आठवड्यांच्या आत तिचं काम संपायला पाहिजे, जांघेतली असेल तर त्याहून लवकर. आपल्याकडे ठेवतात, मला माहितीये का ठेवतात, पेशंटकडे पैसे नसतात आणि फिस्टुलाला सर्जनची तारीख मिळत नाही. परमकॅथ वेगळी असते. ती छातीच्या कातडीखालून थोडं अंतर आणून बाहेर काढतात आणि कातडीखाली तिला डॅक्रॉनची एक कफ असते, तीन-चार आठवड्यांत त्यात मांस धरतं, मग बाहेरून जंतू सरकत आत जायला अडसर होतो. तेव्हा दाजींना सांगा सेंटरवाले लुबाडत नाहीयेत. मात्र अंगात ताप असताना लगेच त्याच दिवशी परमकॅथ टाकायची नाही, आधी रक्त साफ झालं पाहिजे, नाहीतर नवीन नळीला पण तोच थर.

निसर्गोपचार_प्रेमी

अँटिबायोटिकचा मारा करण्यापेक्षा गुळवेलीचा काढा सकाळ संध्याकाळ द्या, प्रतिकारशक्ती वाढते, माझ्या काकूंना कोविडमध्ये खूप फरक पडला. नळीच्या तोंडाशी हळद आणि खोबरेल तेल लावा.

फडताळ

कृपया नको. मानेतून थेट हृदयात गेलेल्या नळीच्या तोंडाला घरचं तेल हळद?? आणि डायलिसिसवाल्याला कुठलाही काढा म्हणजे पाणी किती, पोटॅशियम किती याचा हिशोब कोण ठेवणार. गुळवेलीचंच म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी तिच्याने लिव्हरला इजा झालेले पेशंट नोंदवले होते, त्यावर तेव्हा बरीच वादावादी पण झाली होती.

निसर्गोपचार_प्रेमी

मी माझा अनुभव सांगितला. असो.

गोळी_आणि_बोळी

मी एमडी मेडिसिन, नाशिक जिल्ह्यात प्रॅक्टिस. इथे वाचून औषधं बदलू नका, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते नक्की सांगू शकतो.

डायलिसिसची नळी असलेल्या माणसाला ताप आला आणि दुसरं कारण समोर दिसत नसेल तर तो नळीचा ताप, असं धरूनच आम्ही चालतो. तिसरी_शिफ्ट यांनी बाकी बरोबर सांगितलंय, त्यात महत्त्वाची भर म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी. इंजेक्शन अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी दोन नमुने घ्यायला सांगा, एक नळीतून आणि एक हातातून. हातात शीर मिळत नसेल किंवा पुढे फिस्टुलासाठी शिरा वाचवायच्या असतील (तुमच्या केसमध्ये वाचवायच्याच आहेत) तर दुसरा नमुना मशीन चालू असताना रक्ताच्या लाइनमधून घेतात. एकाच वेळी घेतलेल्या दोन बाटल्यांपैकी नळीतली बाटली दोन तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह झाली तर नळीच दोषी असं धरतात. अझिथ्रो चालू आहे हे लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, त्यामुळे कल्चर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं, तरी घ्यायचंच. कारण त्याशिवाय कुठला जंतू आहे कळत नाही आणि मग पेशंट व्हॅन्कोमायसिन, मेरोपेनेम, टायगेसायक्लिन असा जिना चढत राहतो आणि बिल पण.

कल्चर घेतलं की रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. लगेच दोन प्रकारच्या जंतूंना झाकणारं औषध सुरू करतात, कातडीवरचे स्टॅफ वगैरे आणि पाण्यातले-आतड्यातले सुडोमोनास, क्लेबसिएला वगैरे. आपल्याकडे ही दुसरी जमात बऱ्यापैकी सापडते म्हणून नुसत्या व्हॅन्कोवर भागत नाही. रिपोर्ट आला की अनावश्यक औषध बंद.

आणि एक, जे घरच्यांच्या लक्षात येत नाही. वयस्कर, शुगरवाले, किडनीवाले यांना कधी कधी ताप येतच नाही. नुसतं बीपी पडतं, माणूस गळून जातो, जेवण नको म्हणतो, असंबद्ध बोलतो. तेही तितकंच गंभीर धरा. बीपी ९० च्या खाली, श्वास लागतोय, झोपेत बरळतेय यातलं काही असेल तर सेंटर नाही, सरळ आयसीयू असलेलं हॉस्पिटल.

सरळसोट

डॉक्टरसाहेब, पण दर वेळी नळी काढायलाच पाहिजे असं कुठंय? माझ्या वडिलांना असाच ताप आला होता तेव्हा नळी ठेवून इंजेक्शनं दिली आणि नळीतच अँटिबायोटिक भरून ठेवायचे, लॉक म्हणायचे त्याला, आणि तीच नळी पुढे फिस्टुला चालू होईपर्यंत चालली. एक नळी काढायची दुसरी टाकायची म्हणजे दुहेरी खर्च आणि आधीच शिरा संपलेल्या असतात.

गोळी_आणि_बोळी

सरळसोट, तुमचंही खोटं नाही. जंतू कोणता यावर आहे. कातडीवरचा मवाळ स्टॅफ असेल, परमकॅथ असेल, दोन-तीन दिवसांत ताप उतरला, तर लॉक आणि इंजेक्शन देऊन नळी वाचवता येते किंवा जुन्या नळीतून तार घालून तिच्यावरून त्याच जागी बदलता येते. पण स्टॅफ ऑरियस, सुडोमोनास किंवा कँडिडा म्हणजे बुरशी निघाली तर नळी वाचवत बसू नये. कातडीखालच्या बोगद्यात पू झाला असेल, दाबल्यावर दुखतंय, लाल रेघ दिसतेय, तरीही नाही. आणि मांजराकाठ यांच्या आईची साधी नळी आहे, दोन महिने जुनी, तिला वाचवण्यासारखं काही नाहीये.

नांदेडची_लेक

मी सहसा लिहीत नाही इथे पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या सासऱ्यांना परमकॅथ होती. ताप आला, इंजेक्शनं दिली, ताप गेला, सगळे खूश. कोर्स पूर्ण व्हायच्या आधीच इंजेक्शन बंद झालं कारण सेंटर बदललं आणि नवीन ठिकाणी कुणी मागचा कागद बघितलाच नाही. मग काही आठवड्यांनी कंबर दुखायला लागली. सगळ्यांना वाटलं वय झालं, खुर्चीवर चार तास बसून आखडली असेल, बाम लावला, पट्टा आणला, एका हाडाच्या डॉक्टरनी तर व्यायाम दिले. रात्री झोपेतून ओरडून उठायचे. शेवटी पायातली ताकद कमी वाटायला लागली तेव्हा एमआरआय केला तर दोन मणक्यांच्या मधल्या चकतीत पू. रक्तातून तिथे जाऊन बसलेलं इन्फेक्शन, तोच जंतू. मग आठवडेच्या आठवडे इंजेक्शनं, प्रत्येक डायलिसिसनंतर. ते चालायला लागले पण काठी कायमची.

म्हणून सांगते, नळीचा ताप येऊन गेलेल्या माणसाची कंबर किंवा एखादा सांधा दुखला तर पुढच्याला ओरडून सांगा की मागे रक्तात इन्फेक्शन होतं. आणि डिस्चार्ज पेपर, कल्चरचा रिपोर्ट, कुठलं इंजेक्शन कधीपर्यंत, हे सगळं एका फाइलमध्ये. सेंटर बदलताना ती फाइल त्यांच्या टेबलवर आपटा.

मधेच अजून एक प्रकार झाला होता. सेफेपिम हे अँटिबायोटिक चालू असताना ते भलतंच बोलायला लागले, हातपाय झटकायचे, आम्हाला वाटलं इन्फेक्शन डोक्यात गेलं. ते औषध बदलल्यावर चार दिवसांत ताळ्यावर आले.

गोळी_आणि_बोळी

ताईंनी फार मोलाचं लिहिलंय. सेफेपिमचा डोस किडनीच्या हिशोबाने कमी केला नाही तर ते साचतं आणि मेंदूवर परिणाम करतं, ओळखीची गोष्ट आहे. तसंच अमिकासिन, जेंटामायसिन लांबलं तर कान जातात. कानात आवाज येतोय, ऐकू कमी येतंय, चक्कर येतेय असं पेशंट म्हणाला तर दुर्लक्ष करू नका.

मणक्याबद्दल त्यांनी सांगितलंच. हृदयाची झडप ही दुसरी जागा. स्टॅफ ऑरियस रक्तात निघाला की हृदयाची इको (सोनोग्राफी) करायची, आणि साधी इको नॉर्मल आली तरी संशय राहिला तर घशातून करतात ती इको. झडपेला लागण झाली की तिथला कण सुटून मेंदूत जाऊ शकतो, पॅरालिसिस होऊ शकतो, झडप फाटली तर ऑपरेशन. नळीच्या टोकाला गुठळी झालेली असते, त्यातले संसर्ग झालेले तुकडे फुप्फुसात जातात, मग खोकला, छातीत दुखणं, एक्स-रेला ठिपके, आणि बिचाऱ्याला टीबीची औषधं चालू होतात. बुरशी निघाली तर डोळ्यांच्या डॉक्टरांना पडदा दाखवायचा, दिसायला कमी होईपर्यंत थांबायचं नाही. म्हणूनच कोर्स लांब असतात. स्टॅफ ऑरियसला नळी काढून, इको चांगली असली तरी तीन-चार आठवडे, झडपेला लागलं असेल तर सहा, हाडात गेलं असेल तर सहा ते आठ. सात दिवसांत ताप गेला म्हणून इंजेक्शन बंद हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे.

लेस्टरची_पेटी

मी इंग्लंडमध्ये डायलिसिस युनिटला नर्स आहे, मूळची सांगलीची. इकडे नळी जोडताना आणि सोडताना नर्स पण मास्क लावते आणि पेशंटला पण लावतो, कारण नाकात स्टॅफ असतो आणि नळीचं तोंड नाकापासून वीतभर अंतरावर. टोपण काढल्यावर नळीचं तोंड क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने घासायचं, नुसतं पुसायचं नाही, पंधरा सेकंद तरी घासायचं आणि वाळू द्यायचं. वाळणं महत्त्वाचं, ओल्यावर जोडून उपयोग नाही. या नळीतून डायलिसिस सोडून काही नाही. रक्त काढायला, सलाइन द्यायला वॉर्डवाले मागायला येतात, आम्ही हात लावू देत नाही.

यातलं काहीच महाग नाहीये हो. मास्क आणि एक स्वॅब.

मांजराकाठ

ताई तुमचं पटतंय पण इथे एका टेक्निशियनकडे एका वेळी सहा पेशंट असतात, एकाचं मशीन ओरडतं म्हणून तिकडे पळतो आणि त्याच ग्लोव्हजनी आईची नळी सोडतो. मी बोललो तर म्हणला तुम्ही बाहेर बसा.

तिसरी_शिफ्ट

दादा, खरंय, आणि मला माझ्याच धंद्याची लाज वाटते कधी कधी. पण बाहेर बसा म्हणलं तरी जोडताना आणि सोडताना पाच मिनिटं तिथेच उभे राहा. भांडू नका, नवीन ग्लोव्हजची जोडी हातात धरा आणि म्हणा "दादा, हे घाला." आईला स्वतः मास्क लावा आणि मान दुसरीकडे करून बसायला सांगा. रोज भेटणारा माणूस आहे, चिडेल एक दिवस, मग सवय होईल त्याला. आणि बाकीचे नातेवाईक बघून तेच करायला लागतात, हे मी माझ्या सेंटरला बघितलंय.

मांजराकाठ

अपडेट. फोन केला, डॉक्टरनी लगेच बोलावलं. शेजारच्या बेडवाल्यांना विचारलं, कुणालाच थंडी नव्हती. कल्चर दोन्हीकडून घेतलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, स्टॅफिलोकोकस ऑरियस, पण साधा, म्हणजे मेथिसिलिनला दबणारा असं म्हणले. नळी काढून टाकली. नळी काढली तेव्हा तोंडाशी पिवळं होतं थोडं. आता दोन दिवस नळीशिवाय ठेवलंय, म्हणले रक्त जेवढं मोकळं राहील तेवढं चांगलं, मग गरज पडली तर जांघेतून एकदा डायलिसिस करू. तोपर्यंत पाणी मोजून, फळ नाही, नारळपाणी नाही, रोज पोटॅशियम बघतायत. इको झाली, झडपा ठीक आहेत. व्हॅन्को बंद करून सेफाझोलिन चालू केलं, दाजी विचारतात भारीवालं बंद करून हलकं का दिलं.

गोळी_आणि_बोळी

व्वा, एकदम मुद्देसूद चाललंय, तुमचे डॉक्टर चांगले आहेत. दाजींना सांगा की साध्या स्टॅफवर सेफाझोलिन हे व्हॅन्कोपेक्षा जास्त चांगलं काम करतं, स्वस्त आहे म्हणून हलकं नाही. डायलिसिस संपल्यावर देता येतं त्यामुळे रोज सुई नको. पुन्हा एकदा कल्चर करून निगेटिव्ह आल्याची खात्री करतील, ती झाल्यावरच परमकॅथ.

भुरभुर

आता फिस्टुलावर बोलूया का? आयडी बघून कळलं असेल, माझ्या डाव्या मनगटातल्या फिस्टुलाची भुरभुर, बोट ठेवलं की लागते ती थरथर. मी स्वतः पेशंट, बरीच वर्षं डायलिसिसवर आहे, सुरुवातीला मानेत नळी होती, ती गेली तेव्हापासून नळीचा ताप हा विषयच संपला. हे ऑपरेशन १९६६ पासूनचं आहे, न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी शोधलेलं, धमनी आणि शीर एकमेकांना जोडायची बस्स. बाहेरची कुठलीही वस्तू अंगात नाही. इतक्या वर्षांत याहून चांगलं कुणाला सुचलेलं नाही.

मांजराकाठ, तुमची आई घाबरत असेल तर हे सांगा. भूल फक्त हाताला. ऑपरेशन झाल्यावर लगेच वापरता येत नाही, शीर फुगून जाड व्हायला सहा-आठ आठवडे लागतात, कधी तीन महिने, म्हणून तोपर्यंत परमकॅथ लागतेच, ती टाळता येणार नाही. शुगरवाल्यांच्या धमन्या कडक असतात त्यामुळे पहिला फिस्टुला बसत नाही असंही होतं, तयारी ठेवा. आधी दोन्ही हातांचा डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून घ्या. आणि आजपासून, म्हणजे आत्ता हॉस्पिटलमध्ये आहे तिथपासून, ज्या हाताला करायचंय त्याला ना सुई, ना सलाइन, ना बीपीचा पट्टा. रक्त काढायचं तर दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूने. मी हातावर स्केचपेनने "इथे टोचू नये" लिहून ठेवलं होतं, सिस्टर हसायच्या पण टोचायच्या नाहीत. फिस्टुला झाला की रोज उठल्याबरोबर बोट ठेवून भुरभुर बघायची. एक दिवस लागली नाही तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही.

पैशाचं म्हणाल तर रेशनकार्ड कुठलं आहे? महात्मा फुले योजनेत डायलिसिस होतं, हॉस्पिटलमध्ये योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा, फिस्टुलाचं पण त्यालाच विचारा. आणि २०१६ पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालयात मोफत होतं, नंबर लागायला वेळ लागतो पण नाव घालून ठेवा.

नांदेडची_लेक

परमकॅथ असेपर्यंत अंघोळीचं सांगते, हे कुणी डॉक्टर सांगत नाही. खांद्यापासून खाली अंघोळ पण छाती कोरडी, म्हणजे खरं तर कमरेखाली पाणी घ्यायचं आणि वरचं ओल्या फडक्याने पुसायचं. केस धुवायचे तर बाईला पलंगावर आडवं झोपवून डोकं कडेच्या बाहेर, खाली बादली, दुसऱ्याने धुवायचे. ड्रेसिंग भिजलं तर घरी फुंकर मारून वाळवायचं नाही, सेंटरला जाऊन बदलायचं. सासूबाईंच्या मैत्रिणीची नळी मंगळसूत्रात अडकून ओढली गेली होती, तेव्हा ते काही दिवस काढून ठेवा किंवा हातात बांधा. ब्लाउज, गाउन समोरून उघडणारे, डोक्यातून घालायचे काढायचे नाहीत. रात्री पदराला वगैरे पिन लावत असतील तर नळीजवळ पिन, कात्री काही नको. क्लॅम्प कायम बंद, टोपण कायम घट्ट. टोपण निघालं आणि क्लॅम्प उघडा असेल तर हवा आत जाते, त्याने माणूस जागेवर जातो.

कातळशिल्प

रत्नागिरी. आमच्याकडे आई पोटाच्या डायलिसिसवर आहे, सीएपीडी. तिथेही नळीच आहे आणि तिथेही इन्फेक्शनच मोठा शत्रू, फक्त खूण वेगळी, बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसतं आणि पोट दुखतं. पिशवीखाली छापील कागद धरायचा, अक्षरं वाचता आली नाहीत तर ती पिशवी तशीच घेऊन हॉस्पिटल गाठायचं. घरीच करायचं असल्यामुळे दुसऱ्याच्या ग्लोव्हजवर अवलंबून राहावं लागत नाही एवढा फायदा. विषयांतर वाटलं तर सोडून द्या.

सरळसोट

विषयांतर नाही, उलट वेगळा धागा काढा यावर. आमच्या तालुक्यात सीएपीडी म्हणजे काय हे डॉक्टरांना पण धड माहीत नाही.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. दुसरं कल्चर निगेटिव्ह आलं, छातीत परमकॅथ टाकली, इंजेक्शन चार आठवडे चालू ठेवायचं सांगितलंय, तारीख फाइलच्या वरच लिहून ठेवलीय. केशरी कार्ड आहे, आरोग्यमित्राला भेटलो, कागदपत्रं दिलीत. आई आता विचारतेय आषाढीला पंढरपूरला जाऊ का, चंद्रभागेत स्नान करायचंय. आणि दुसरं, डॉपलर पुढच्या आठवड्यात आहे, पण आई डावखुरी आहे. मग फिस्टुला उजव्या हाताला करायचा ना? भुरभुर यांचा डाव्या हाताला आहे म्हणून विचारतो.

तिसरी_शिफ्ट

नदीत स्नान नाही, नळी आहे तोवर अजिबात नाही, पायावर पाणी घेऊ द्या. जायचंच असेल तर वारीच्या गर्दीत डायलिसिसची तारीख चुकवू नका, पंढरपूर किंवा सोलापुरात आधीच एखाद्या सेंटरला बोलून ठेवा, ते एचआयव्ही, कावीळ बी आणि सी चे ताजे रिपोर्ट मागतात, आणि इन्फेक्शन होऊन गेलंय हे लपवू नका.

गोळी_आणि_बोळी

हातासाठी नियम असा की कमी वापरातला हात, म्हणजे तुमच्या आईचा उजवा. पण थांबा, जुनी नळी मानेत उजवीकडेच होती आणि परमकॅथ पण बहुतेक उजवीकडूनच टाकली असेल. नळ्या राहिल्याने छातीतल्या मोठ्या शिरा आतून अरुंद होतात, आणि त्याच बाजूला फिस्टुला केला तर हात टम्म सुजतो. साध्या हाताच्या डॉपलरमध्ये छातीतली ती शीर नीट दिसत नाही. तेव्हा सर्जनला आधीच सांगा की उजवीकडे दोन महिने नळी होती, इन्फेक्शनही झालं होतं. ते बघून उजवा की डावा ते ठरवतील. तोपर्यंत दोन्ही हात राखा, सुया फक्त पंजाला.

मांजराकाठ

हे कुणीच बोललं नव्हतं. आत्ताच आईच्या दोन्ही हातांवर स्केचपेनने लिहिलं, सिस्टर विचारते मग बीपी कुठं बघू.

लेस्टरची_पेटी

मांडीला मोठा पट्टा लावून किंवा पोटरीला बघता येतं. आकडा हातापेक्षा थोडा वेगळा येतो, तर रोज एकाच पायाला बघायला सांगा.